हंगाम नसताना बागेची आखणी: बी आणण्याआधी काय काय पाहता?

परसबाग

वाफे रिकामे झाले आहेत. टोमॅटोची शेवटची झाडं उपटली, मांडवाच्या सुतळ्या सोडल्या, आणि आता काही आठवडे तरी मातीत काही पेरता येणार नाही. हा मोकळा काळ कुणाकडे रणरणत्या उन्हाचा असतो, कुणाकडे गारठ्याचा, कुणाकडे मुसळधार पावसाचा. माझ्या अनुभवात पुढचा हंगाम कसा जाणार हे याच आठवड्यांत ठरतं, म्हणून हा धागा.

आधी मी या दिवसांत एकच काम करायचे, बियांची पाकिटं जमवायचे. बाग चार वाफ्यांची, आणि एका वर्षी पाकिटं सतरा झाली होती. पेरणीची वेळ आल्यावर जागा दिसेल तिथे ती सगळी पेरली. मग दोडक्याचे वेल वांग्यावर चढले, कोथिंबीर त्यांच्या सावलीत पिवळी पडली, मुळे बोटाएवढेच राहिले. बियांचा काही दोष नव्हता. आधी बी आणि मग जागा, हा क्रमच उलटा होता.

आता मी आधी मागच्या हंगामाची वही काढते, मग ऊन बघते, मग दिवसांचा हिशोब, मग माती. बी सगळ्यात शेवटी.

वहीत ‘किती आलं’ यापेक्षा ‘किती खाल्लं गेलं’ ही नोंद मला जास्त उपयोगी पडते. काकडीचे सहा वेल लावले होते, घरात माणसं चार. तीन आठवडे रोज टोपलीभर काकड्या, पुढे एकही नाही. या खेपेला दोन वेल आधी लावणार आणि दोन महिनाभराने. पालक एकदम पेरला होता, तो एकदमच तयार झाला आणि ऊन तापताच एकदमच तुऱ्यावर आला. त्याला मोठा वाफा नको होता, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन छोट्या पेरण्या हव्या होत्या. वही ठेवली नसेल तर आठवतंय तोवर आजच लिहून काढा. फोनमधल्या फोटोंना तारखा असतात, त्यांवरून बरंच जुळवता येतं.

उन्हाच्या बाबतीत मात्र मी सगळ्यात मोठी ठेच खाल्ली आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, भोपळा अशा फळभाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्यांचं ३-४ तासांवर भागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. मलाही होतं. अशाच एका मोकळ्या काळात मी घड्याळ लावून भिंतीलगतच्या कोपऱ्यात सात तास ऊन मोजलं आणि तिथे माती चाळून, खत घालून नवा गादीवाफा केला. हंगाम आला तोपर्यंत सूर्य खाली उतरला होता, आणि त्या वाफ्यावर दिवसातला बराच वेळ भिंतीची सावली. टोमॅटो काडीसारखे उंच वाढले आणि फुलं गळून गेली. मी ऊन बरोबर मोजलं होतं, पण ते भलत्याच महिन्याचं होतं.

सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर असताना २ मीटर उंच भिंतीची सावली सुमारे १.१५ मीटर पडते. तोच सूर्य ३० अंशांवर असेल तर जवळजवळ ३.५ मीटर. भरदुपारची सूर्याची उंची घरी काढता येते. ९० मधून आपल्या जागेचे अक्षांश वजा करा, ही झाली दिवस-रात्र समान असतानाची उंची. सगळ्यात मोठ्या दिवशी तिच्यात साधारण २३.५ मिळवा, सगळ्यात लहान दिवशी तेवढेच वजा करा. उत्तर ९० च्या पुढे गेलं तर सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला आणि सावली उलट बाजूला पडणार असं समजा.

ज्यांचा मोकळा काळ थंडीचा आहे त्यांची फसगत उलटी होते. आज सावलीत असलेली जागा हंगामात उन्हात येऊ शकते, आणि आज पानगळ झालेल्या झाडाखाली लख्ख दिसणारी जागा पालवी फुटली की झाकली जाते.

तुम्ही हे कसं करता? विशेषतः उन्हाचं, कारण कोनांचा हिशोब सगळ्यांना आवडेल असं नाही.

नवखा_माळी

फार वेळेवर आलेला धागा. माझी ही पहिलीच बाग आहे. अंगणात जागा आहे, पण अजून एकही वाफा केलेला नाही. बियांची यादी मात्र तयार होती, ती आता बाजूला ठेवतो. वाचतोय.

चांदणवेल

परसबागताई, कोन न मोजता उन्हाचा अंदाज घ्यायची एक पद्धत मी बरीच वर्षं वापरते. पौर्णिमेच्या रात्री अंगणात जायचं.

पौर्णिमेचा चंद्र आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो. त्यामुळे तो ज्या वाटेने जातो ती साधारण सहा महिन्यांनंतरच्या सूर्याची वाट असते. दिवस मोठे असताना पौर्णिमेचा चंद्र खालून जातो आणि दिवस लहान असताना तो उंचावरून जातो, हे एकदा लक्षात आलं की दरवर्षी दिसत राहतं. अगदी तंतोतंत नाही, चंद्राची कक्षा सुमारे ५ अंश कललेली असल्याने तेवढा फरक पडू शकतो. पण भिंतीची, टाकीची, झाडाची सावली कुठवर येणार हे डोळ्यांना दिसतं. मध्यरात्रीची सावली म्हणजे सहा महिन्यांनंतरची भरदुपारची सावली. मी रात्री नऊ, बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेला खडे ठेवते आणि सकाळी कागदावर उतरवते.

परसबाग

चांदणवेल, हे माझ्या कधीच डोक्यात आलं नव्हतं! इतकी वर्षं अंगणात चांदणं पडतंय आणि मी कोष्टकं मांडत बसले. येत्या पौर्णिमेला नक्की.

गच्चीवरची

गच्चीवाल्यांसाठी उन्हाच्याही आधी वजन. हे मला जरा जोर देऊन सांगायचं आहे, कारण लोक हंगामाच्या घाईत हे विसरतात.

१ मीटर रुंद, २ मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर खोल वाफा म्हणजे ०.६ घनमीटर माती. बागेतली साधी माती ओली झाली की घनमीटरला दीड टनाच्या पुढे जाते. म्हणजे तो एकच वाफा साधारण एक टनाचा झाला! स्लॅब तेवढं वजन घेईल का, हे बांधकामातल्या जाणकाराला विचारायची वेळ आत्ताची, सगळं रिकामं असतानाची. वाफ्याखालची जमीन नीट वाळते, भेगा दिसतात, गळती बंद करता येते. भरल्या कुंड्या हलवून ते काम होत नाही. कोकोपीट आणि खताचं मिश्रण मातीपेक्षा बरंच हलकं पडतं, पण तेही भिजल्यावरचं वजन धरायचं.

कुंडीचं माप ठरवतानाही बी हातात नसलेलं बरं. पालेभाजीला १५-२० सेंटीमीटर खोली पुरते, गाजराला ३० लागते, टोमॅटोच्या एका झाडाला २० लिटरची कुंडी द्यावी. लहान कुंडीत टोमॅटो येतो, पण कडक उन्हात दिवसातून दोनदा पाणी मागतो आणि एक दिवस चुकला तरी फळाचं बूड काळं पडायला लागतं.

त्यावरून पाण्याचाही हिशोब करा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. भाजीपाल्याला आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी धरतात. ८ चौरस मीटर वाफे असतील तर आठवड्याला २०० लिटर, म्हणजे १० लिटरच्या झारीच्या वीस फेऱ्या. तेवढं पाणी वर चढवणं जमणार नसेल तर आत्ताच वाफे कमी करा, किंवा नळी ओढायची सोय करा.

नवखा_माळी

परसबागताई, ‘दिवसांचा हिशोब’ म्हणालात तो नेमका कसा करायचा? पाकिटावर दिवस लिहिलेले असतात, पण ते कुठून मोजायचे ते कळत नाही.

परसबाग

चांगला प्रश्न. रोप करून लावायच्या भाज्यांचे (टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी) दिवस बहुतेक वेळा पुनर्लागवडीपासून मोजलेले असतात. थेट पेरायच्या भाज्यांचे पेरणीपासून. हा फरक कळला नाही तर पाच-सहा आठवड्यांची चूक होते.

मी हे कागदाच्या पट्ट्यांवर करते. एक आठवडा म्हणजे १ सेंटीमीटर. टोमॅटोची पट्टी अशी: ५-६ सेंटीमीटर रोपवाटिकेचे, मग ९ ते ११ सेंटीमीटर पहिलं फळ येईपर्यंत, मग ६-८ तोडणीचे. रोपवाटिकेचा तुकडा वेगळ्या रंगाचा करते, कारण तेवढे दिवस रोप ट्रेमध्ये असतं आणि वाफा मोकळाच असतो. मुळ्याची पट्टी ४ ते ६ सेंटीमीटर. मिरचीची सगळ्यात लांब, कारण तिची रोपंच तयार व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात.

मग एका मोठ्या कागदावर हंगामाचे आठवडे आखते आणि प्रत्येक वाफ्याची एक ओळ करते. आधी शेवट पक्का करायचा: त्या भाजीला न सोसणारी थंडी, ऊन किंवा पाऊस तुमच्याकडे कधी सुरू होतो? पट्टीचं उजवं टोक तिथे टेकवायचं आणि डावं टोक कुठे येतं ते पाहायचं. ती पेरणीची शेवटची तारीख. पट्ट्या सरकवताना रिकाम्या जागा आपोआप दिसायला लागतात. टोमॅटोची रोपं लहान असतात तेव्हा दोन रोपांमधली जागा महिनाभर उघडीच असते, तिथे मुळ्याची पट्टी बसते आणि टोमॅटो पसरायच्या आत मुळा काढून होतो.

रोपं बाहेर नेण्याआधी त्यांना ऊन-वाऱ्याची सवय लावायचे ७ ते १० दिवसही पट्टीत धरा. मी ते धरायचे नाही आणि मग घाईघाईत लावलेली रोपं पहिल्याच दुपारी पांढरी पडायची.

बियाण्याचा_डबा

बी शेवटी आणायचं हे पटलं, पण घरात असलेलं बी आत्ताच तपासा. उगवण चाचणीला आत्तासारखा निवांत वेळ पुन्हा मिळत नाही.

ओल्या (निथळत्या नव्हे) कागदावर २० बिया मांडायच्या, गुंडाळी करून पिशवीत ठेवायची, पिशवीवर तारीख लिहायची. १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के, म्हणजे दीडपट बी टाकायचं. निम्म्याहून कमी उगवल्या तर मी ते बी मुख्य वाफ्यात वापरत नाही, कारण जुन्या बीचं रोपही बऱ्याचदा अशक्त निघतं. फक्त ऊब सांभाळा. मिरची-वांग्याला २५ ते ३० अंश सेल्सिअस लागतं आणि तरीही मिरची दोन आठवडे घेऊ शकते. गार खोलीत पाचव्या दिवशी गुंडाळी उघडून ‘बी मेलं’ म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

सगळं बी सारखं टिकत नाही. कांद्याचं बी वर्षभरात ढासळतं. भेंडी आणि मिरची दोनेक वर्षं, गाजर आणि वाल तीन, टोमॅटो, वांगी, कोबी चार, काकडी पाच वर्षांपर्यंतही चालते. अर्थात नीट साठवली तर. साठवणीसाठी बियाणे-संशोधक हॅरिंग्टन यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: बीमधला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणून हवाबंद बरणी, आत सिलिका जेलची पुडी, आणि बरणी फ्रीजमध्ये. बाहेर काढल्यावर ती लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार बियांवर हवेतलं पाणी धरतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

घरचं बी धरणाऱ्यांसाठी एक. टोमॅटो, वाल, वाटाणा यांचं परागीभवन बहुधा फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे त्यांचं बी बऱ्यापैकी खरं उतरतं. भोपळा-काकडीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात, शेजारी त्याच जातकुळीतला दुसरा वाण असेल तर पुढच्या वर्षी फळ काय निघेल सांगता येत नाही. आणि संकरित वाणाचं बी धरून तेच झाड मिळत नाही. संकरित वाण वाईट नसतात, मीही लावतो, पण पाकीट घेताना पुढच्या वर्षी बी धरायचं आहे का हे ठरवून घ्या.

काळी_माती

मातीवर अजून कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, जरा लांबेल.

माती तपासायला द्यायची तर हीच वेळ. वाफ्यातल्या आठ-दहा ठिकाणांहून वरच्या १५ सेंटीमीटरमधली माती घ्या, एकत्र मिसळा, सावलीत वाळवा आणि त्यातली थोडी द्या. सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, pH) ६ ते ७ च्या दरम्यान आला तर बहुतेक भाज्या खूश असतात. नुकतंच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नका, आकडे भलतेच येतात.

घरच्या घरी करायचं तर काचेची बरणी. एक तृतीयांश माती, वर पाणी, खूप हलवायचं आणि ठेवून द्यायची. रेती मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्तही लागतो. थर मोजले की आपण कशावर बाग करतोय ते समजतं.

माती ओली असेल तर कुदळ लावू नका, वाफसा येऊ द्या. मूठभर मातीचा लाडू वळा आणि बोटाने टोचा. भुगा झाला तर वाफसा आहे, बोटाचा ठसा तसाच राहिला तर थांबा. चिकट मातीत ओलेपणी केलेलं काम हंगामभर ढेकळांच्या रूपात त्रास देतं.

मोकळा काळ कडक उन्हाचा असेल तर मातीला उन्हाची वाफ देता येते. पारदर्शक प्लास्टिक, काळं नाही. माती भुसभुशीत आणि सपाट करायची, भरपूर पाणी द्यायचं, प्लास्टिक मातीला चिकटेल असं ताणून कडा पुरायच्या आणि ४ ते ६ आठवडे हात लावायचा नाही. इस्राएलमध्ये याकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये यावर लिहिलं आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. मर रोगाच्या (झाड अचानक वाळून जाणाऱ्या रोगाच्या) बुरशा, तणांचं बी, सूत्रकृमी (मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) बरेच कमी होतात. उपयोगी जीवही काही मरतात, म्हणून नंतर चांगलं कुजलेलं खत घालावं. गार हवेत याचा उपयोग नाही. तिथे जाड पुठ्ठा किंवा काळं कापड अंथरून तण दाबावं, नाहीतर हिरवळीचं खत घ्यावं. हिरवळीचं पीक फुलावर येताच कापून मातीत मिसळायचं आणि पेरणीआधी दोन-तीन आठवडे कुजायला द्यायचे.

ताजं शेण घालायचं असेल तर ते याच काळात. पालेभाजी किंवा कंद काढण्याच्या आधी किमान चार महिने गेलेले असावेत.

आणि एक कळकळीची विनंती: विकत आणलेलं खत थेट सगळ्या वाफ्यांत ओतू नका. एका वर्षी आणलेल्या खतात तणनाशकाचा अंश होता. तणनाशक मारलेला चारा जनावराने खाल्ला की काही औषधं शेणातूनही तशीच उतरतात आणि खत कुजल्यावरही टिकतात. माझ्या टोमॅटो-वालाची पानं कपासारखी वळली, शेंडे पिळवटले, आणि मी महिनाभर विषाणू समजून झाडं उपटत राहिले. आता दर खेपेला दोन-तीन कुंड्यांत हे खत मिसळून वाल लावते, दोन-तीन कुंड्यांत त्याशिवाय. तीन आठवड्यांत खरीखुरी तीन-चार पानं येतात. दोन्हीकडे सारखी असतील तरच खत वाफ्यात जातं. मोकळ्या काळात हे तीन आठवडे मिळतात, हंगामात मिळत नाहीत.

अर्धा_वाफा

फेरपालटाबद्दल कुणी बोललं नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एकच कूळ. काकडी-भोपळा-कारलं दुसरं, वाल-चवळी-वाटाणा तिसरं, कोबी-मुळा-मोहरी चौथं. एका जागी तेच कूळ तीन-चार वर्षांनी यावं.

काळी_माती

अर्धा_वाफा, तत्त्व बरोबर आहे आणि ‘बेवड’ (पीक बदलून लावणं) हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही आला. पण चार वाफ्यांच्या बागेत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) वाऱ्याने येते, तिला मीटरभराच्या अंतराने काही फरक पडत नाही. आणि मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी कुळं पाळत नाही. टोमॅटोनंतर भेंडी लावली तर कूळ बदलतं, पण दोन्ही तिच्या आवडीच्या. झाडं उपटताना मुळं पाहिलीत का? गाठी असतील तर तिथे एक हंगाम दाट झेंडू लावा. कडेला चार झाडं लावून भागत नाही, पूर्ण वाफाभर हवा.

अर्धा_वाफा

मुळं न पाहताच टाकली. उद्या ढिगातून काढून बघतो.

नवखा_माळी

सगळं वाचून कागदावर एकच वाफा काढला आहे, १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचेल एवढाच. टोमॅटो चार, वालाचे वेल, पालक, मुळा. मिरची ठेवू का? वेल कुठल्या बाजूला लावू?

परसबाग

मिरचीची दोन तयार रोपं आणून लावा, बियांपासून पुढच्या वर्षी. उत्तर गोलार्धात असाल तर वेलाची ताटी उत्तरेच्या कडेला, म्हणजे तिची सावली बाकीच्यांवर पडत नाही. दक्षिण गोलार्धात नेमकं उलट. विषुववृत्ताच्या आसपास असाल तर ताटी उत्तर-दक्षिण लांबीत उभी करा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा दिवस ऊन मिळतं. पालक वेलाच्या सावलीच्या बाजूला ठेवा. पण खोदायच्या आधी पौर्णिमा होऊ द्या.

नवखा_माळी

पौर्णिमा काल झाली. बारा वाजता आणि तीन वाजता खडे ठेवले. पाण्याच्या टाकीची सावली मी ठरवलेल्या वाफ्याच्या बरोबर मधून गेली होती, दिवसा ती तिथे फिरकतही नाही. माझा मुख्य हंगाम अजून साडेपाच-सहा महिन्यांवर आहे, म्हणजे हीच सावली तेव्हा तिथे येणार. वाफा दोन मीटर कुंपणाकडे सरकवला आहे, आणि आज तिथे चार खुंट्या मारून दोरी बांधली.